सागरच्या गाडीचे टायर

मंगळवार, संध्याकाळी सात

या पोराला काय म्हणावं? कॅनडात दांडगी, पळणारी एसयूव्ही घेतली आणि बर्फात चालायचे टायर घ्यायला तयार नाही. का, तर त्यांना लहान चाकं लागतात, गाडी चांगली दिसत नाही! दिसत नाही म्हणे.

काल उतारावर सिग्नलला ब्रेक दाबला तरी गाडी घसरतच गेली. मागच्या सीटवर माझी नात, चिमी. सूनबाई बोलली म्हणून कळलं तरी. मी लगेच सागरला फोन लावला.

"आई, चारी चाकांना जोर आहे या गाडीत. तुला बर्फातलं काय कळतंय?"

"जोर पळायला रे! थांबायला टायरच लागत्यात. आपल्या बोरी गावच्या चिखलात बारा वर्षं टोमॅटोचा पिकअप चालवतेय मी."

शेवटी कबूल झाला. पण दुकानवाला शनिवारी टायर बसवणार. "मग तोवर बसनं जा," म्हटलं, तर फोनच कापला.

आत्ता सूनबाईनं फोटो पाठवला. सागर चिमीचा हात धरून बसथांब्यावर उभा आहे, तोंड फुगवून. केसांत बर्फ. एवढ्या थंडीत टोपी नाही घातली गाढवानं. आता परत फोन करू?