डॅन्यूबला निघालेल्या लेकीस

ईट,
गुरुवार, सकाळ

प्रिय शिवकन्या,

मनगटाची सूज उतरली का? हनुवटीचे टाके काढताना दुखलं का? हे फोनवर विचारता आलं असतं. पण फोनवर माझी दोन वाक्यं होतात न होतात तोच तुझी आई हातातून फोन घेते आणि मग तुमचं सुरू होतं. म्हणून कागद घेतला. सातवीपर्यंत शिकलेल्या माणसाचं अक्षर आहे, शिक्षिकेच्या नजरेनं वाचू नको. काल कुलदीपचा पुण्याहून फोन आला होता. म्हणाला, "आजोबा, आई सोमवारी फोन करून सहलीतनं नाव काढून घेणार आहे. मी सांगून दमलो, बाबा सांगून दमले. आता तुम्ही सांगून बघा." मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. ज्या म्हाताऱ्यानं गेले सहा महिने तुला 'जाऊ नको' याशिवाय दुसरं काही सांगितलं नाही, त्यानंच आता 'जा' म्हणायचं. तरी बसलो आहे लिहायला.

दिवाळीला तू ही बातमी सांगितलीस तेव्हा माझ्या हातातला चहा गार झाला होता. सायकल चालवायला परदेशात जायचं. मी म्हणालो, तुझ्या भूमपासून आपल्या ईटपर्यंत रस्ता आहे की, तो संपला का? तू पिशवीतून नकाशा काढलास आणि घोंगडीवर पसरलास. जर्मनीतल्या पासाऊ गावापासून ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नापर्यंत, डॅन्यूब नदीच्या काठाकाठानं, सात दिवस. पुण्याकडची चौदा माणसं, पुढं एक वाटाड्या, सगळ्यांच्या मागं एक वाटाड्या, सामान गाडीतून. मी विचारलं, दोन्ही वाटाड्यांच्या मधे तू एकटी पडलीस तर? विचारलं, नदीच्या काठाला कठडा आहे का? विचारलं, तिथं ज्वारी मिळत नाही, मग सात दिवस खाणार काय? तू एकेकाचं उत्तर दिलंस, न चिडता. चिडली ती तुझी आई. म्हणाली, "अहो, तिला चौपन्न वर्षं झाली. पन्नास पोरं सांभाळती शाळंत. नदीत पडायला ती काय म्हस हाय?"

मी तुला कधी तोंडावर म्हणालो नाही, पण त्या दिवसापासून मी तुझ्याकडं बघत होतो. माणूस सहलीला जायचं म्हणजे नवे कपडे घेतो आणि बॅग भरतो. तू तशी तयारी केली नाहीस. पहाटे उठून शाळेच्या आधी तासभर सायकल, रविवारी भूमहून ईटला येऊन परत. पहिल्या रविवारी दारात उतरलीस तेव्हा पाय थरथरत होते आणि ओट्यावर बसून तू अर्धा तांब्या पाणी एका दमात प्यायलीस. महिन्याभरानं त्याच ओट्यावर बसून आईला पोहे निवडू लागलीस, जणू शेजारच्या गल्लीतून आली आहेस. डोक्यावर ते हेल्मेटचं टोपडं घालून आलीस की मार्तंड गुरुजी पारावरून ओरडायचे, "काय बाई, विहिरीवर सुरुंग लावायला निघालीस काय?" तू म्हणायचीस, "व्हय गुरुजी, तुमच्याच विहिरीवर." पुढं त्याच गुरुजींनी तुला जर्मन आकडे पाठ म्हणून दाखवायला लावले आणि स्वतःला काही कळत नसताना दोन ठिकाणी 'चूक' म्हणाले.

तिकडं रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालायचं असतं, म्हणून तू शाळेच्या मैदानावर फक्कीनं रस्ते आखलेस, चौक केलेस आणि चौथीच्या वर्गाला मोटारी बनवलंस. जावईबापूंनी त्याचा व्हिडिओ दाखवला. पोरं तोंडानं हॉर्न वाजवत चालली आहेत आणि तू मधून हात दाखवत उजवीकडं वळते आहेस. एक पोरगी तुझ्या आडवी आली, तर तू उतरून तिला आधी रहदारीचा नियम सांगितलास. मी तो व्हिडिओ चार वेळा बघितला. जावईबापूंचंही कौतुक. तू नसताना उपाशी राहू नये म्हणून ते पिठलं करायला शिकले. आम्हाला करून घातलं. गुठळ्या होत्या, पण माणूस उमेदीचा आहे.

आणि पंक्चर. दोन्ही वाटाडे पंक्चर काढतात, तुला काढायची गरज नाही, हे सहलीच्या कागदावर लिहिलेलं होतं. तरी तू माझ्यासमोर उकिडवी बसलीस आणि म्हणालीस, "आबा, शिकवा." चाळीस वर्षं मी या गावात सायकलचं दुकान चालवलं. तासावर सायकली दिल्या, पंक्चरी काढल्या, डुगडुगत्या चाकांचे आउट काढले. दुकान बंद करून बारा वर्षं झाली. इतक्या वर्षांत माझं काम शिकवा असं कुणी म्हणालं नव्हतं. तू ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवलीस, बुडबुडा सापडला तेव्हा पहिलीतल्या पोरीसारखी हसलीस. पॅच बसवताना बोट चिरलं ते पदराला पुसलंस आणि पुढचं काम केलंस. मी मान खाली घालून पाने पुसत बसलो, कारण मला तुझ्याकडं बघवेना.

फॉर्ममधे पायाची उंची लिहायची होती, त्याप्रमाणे तिकडं सायकल देणार. तू इंचपट्टी शोधत होतीस. मी सुतळीनं माप घेतलं. तुझं हे माप मी पहिल्यांदा घेतलं तेव्हा तू नववीत होतीस. मोडक्या तीन सायकलींतून तुझ्यासाठी एक जोडली होती, तिची सीट बसवायला. गल्लीतली पहिली मुलगी तू, जी सायकलवर हायस्कूलला गेली. लोक मला म्हणायचे, बलभीम धीराचा माणूस. कसला धीर. तू सकाळी गेलीस की मी दुकान सोडून फाट्यावर जाऊन उभा राहायचो आणि तू परत येताना दिसलीस की आडवाटेनं पळत येऊन स्टुलावर बसायचो. घरी आलीस की तू विचारायचीस, "आबा, घाम का आलाय?" मी म्हणायचो, चाक पिळत होतो.

असा मी माणूस. माझी काळजी म्हणजे भाकरीबरोबर मिठासारखी, असं तुझी आई म्हणते, पण माझा हात सैल आहे, मीठ नेहमी जास्तच पडतं. तू पासपोर्ट काढलास तेव्हा मी नावाचं स्पेलिंग गुरुजींकडून दोनदा तपासून घेतलं. व्हिसा आला तेव्हा तो खरा आहे का, असं मी कुलदीपला विचारलं. तो म्हणाला, "आजोबा, तुम्हीच जाऊन शिक्का मारून या." पण या सगळ्यातून माझ्या मनात एक गोष्ट हळूहळू बसली होती, की ही पोरगी जाणार आणि नीट जाणार. इतकी तयारी करणारं माणूस मी आयुष्यात बघितलं नाही. फाल्गुनात तर मी पारावर सांगायलाही लागलो होतो, की आमची शिवकन्या डॅन्यूबला चालली. गुरुजी म्हणाले, "डॅन्यूब कुठं आहे ते सांगा आधी." मी बोटानं मातीत नदी काढून दाखवली.

मग तो रविवार आला. तू शनिवारी मुक्कामाला आली होतीस, सकाळी चहा पिऊन निघालीस. पाझर तलावाच्या उतारावर शेळ्या आडव्या आल्या. उताराखालच्या नीलम्माच्या शेतातली माणसं धावली आणि त्यांनीच निरोप दिला. मी तिथं पोचलो तेव्हा तू बांधावर बसून हनुवटीला रुमाल धरला होतास आणि मला बघून म्हणालीस, "आबा, मी ब्रेक दाबला, सायकल थांबली, मीच थांबले न्हाय." मला धीर यावा म्हणून चेष्टा केलीस. डॉक्टरांनी हाड शाबूत आहे म्हणून सांगितलं, पंधरा दिवसांत पुन्हा सायकल चालवा म्हणाले. मला वाटलं, निभावलं.

पण हाडाऐवजी दुसरंच काहीतरी मोडलं, ते मला नंतर कळलं. तू आईला म्हणालीस, "माझा हात माझं ऐकत न्हाय आता. मी नेहमीसारखंच केलं आणि भलतंच झालं. परक्या मुलखात असं झालं तर त्या तेरा माणसांची सहल मी खराब करीन." लोक भेटायला आले. जो तो म्हणाला, वय झालं की असं होतंच, आता घरी बसावं. जी पोरगी गुरुजींच्याच विहिरीवर सुरुंग लावते, ती मान डोलावत होती. आणि मी त्या खोलीत होतो. कोपऱ्यात बसून मीही म्हणालो, "राहू दे बाई, जीव महत्त्वाचा." त्या दिवसापासून अन्न गोड लागत नाही.

आता जे सांगायचं ते सांगतो. हे पत्र त्यासाठीच आहे, बाकी सगळं हात पुढं जावा म्हणून लिहिलं. सहलीवाल्यांनी पाठवलेल्या सूचना तू एकदा मला वाचून दाखवल्या होत्यास. त्यात होतं, की तिकडच्या सायकलींना पुढच्या चाकाचा ब्रेक डाव्या हाताला असतो. आपल्याकडं तो उजव्या हाताला. तू म्हणालीस, तिथं गेल्यावर बघू, आणि पान उलटलंस. मी मात्र त्या ओळीवर अडकलो. दुकानात जो कोणी सायकल शिकायला आला त्याला मी एकच सांगायचो, आधी डावा दाब, मागचं चाक धरलं की माणूस पडत नाही. तुलाही नवव्या वर्षी तेच शिकवलं. तीच सवय घेऊन तू तिकडं गेलीस आणि उतारावर डावा दाबलास तर काय होईल, हे माझ्या डोळ्यांपुढून हलेना. त्या शनिवारी तू सायकल तेलपाण्याला माझ्याकडं दिलीस. तू आईबरोबर दळण आणायला गेलीस तेवढ्यात मी ब्रेकच्या दोन्ही तारा सोडल्या आणि उलट्या जोडल्या. तुला सांगितलं नाही. मी साऱ्या गावाला सायकल अशीच शिकवली आहे, मागून सीट धरायची आणि न सांगता सोडून द्यायची. सांगितलं की माणूस डगमगतो, नाही सांगितलं की आपोआप चालवतो. वाटलं, हातालाही तसंच वळण लागेल. सकाळी गल्लीत तू दोनदा हळू ब्रेक दाबलास, काही झालं नाही, आणि मी मूर्ख खूश झालो, की हात शिकला. शेळ्या आडव्या आल्या तेव्हा तू डावा दाबलास, जसा शिकवला तसा, घट्ट, आणि पुढचं चाक जागच्या जागी थांबलं. त्याच दुपारी मोडलेली सायकल माझ्या अंगणात आली. हँडल सरळ करताना मी तारा पुन्हा पहिल्यासारख्या जोडल्या आणि गप्प बसलो. सगळे तुझ्या वयाला बोल लावत होते आणि खरं मला एकट्याला माहीत होतं. तुझ्यासमोर तीनदा बोलायला म्हणून बसलो, तीनदा हवापाण्याचं बोलून उठलो. हे पत्र तुझी आई शनिवारच्या एसटीनं घेऊन येईल. तिला वाचता येत नाही, म्हणून तिच्या हाती देतो आहे, एवढा मी अजून भित्रा आहे. तिला तूच सांग, मला दोन दिवस जेवायला मिळणार नाही, ते मी सोसतो. पण सोमवारी फोन करशील तो नाव काढायला करू नको. फोन करून एवढंच सांग, की माझ्या सायकलचे ब्रेक भारतातल्यासारखे जोडून ठेवा, पुढचा उजव्या हाताला. पाच मिनिटांचं काम आहे, मी वाटाड्याला चित्र काढून देतो. शिवा, तुझा हात म्हातारा झालेला नाही. बापानं सांगितलेलं त्यानं पंचेचाळीस वर्षं लक्षात ठेवलं आणि वेळ आली तेव्हा विचार न करता तेच केलं. चूक तारांत होती.

तुझाच, तुझ्यापुढं मान खाली घातलेला,
आबा