निळ्या फुलांखालचा एकर

मी, विनीता चारुदत्त ताम्हणकर, वय वर्षे एकाहत्तर, धंदा पूर्वी जमिनींचे मालकी हक्क तपासण्याचा व आता आरामाचा, राहणार टॉलिव्हर काउंटी, व्हर्जिनिया, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, राजीखुशीने आणि स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. रक्तदाब आहे, पण तो गोळीनं आटोक्यात असतो. वकिलानं याचं इंग्रजी केलं आहे. कोर्टात ते चालवावं, घरात हे वाचावं. यापूर्वी केलेली मृत्युपत्रं रद्द समजावीत.

कलम १. राहतं घर आणि त्याभोवतीची चार एकर जमीन माझा मुलगा कुश, राहणार चँडलर, ॲरिझोना, याला द्यावी. बँकेतली शिल्लक कुश आणि माझी नात सई यांनी निम्मी-निम्मी घ्यावी. घर विकायचं तर खुशाल विकावं, मी भूत होऊन आडवी येणार नाही. पाठीमागचा पाचवा एकर मात्र यात धरू नये.

कलम २. दागिने सुनेला. मोहनमाळेवर माझी नणंद पुण्याहून हक्क सांगेल. तिला माळ देऊ नये. तिच्याशी धरलेला अबोला मी कोणाच्या नावे करत नाही, तो माझ्याबरोबर संपवावा.

कलम ३. माझं भिंग आणि लाकडी पट्टी सईला. या दोन वस्तूंवर मी तीस वर्षं काउंटीच्या कोर्टात, जमिनींच्या दप्तरखान्यात, पोट भरलं. आजच्या मालकाला जमीन कोणी दिली, त्याला कोणी दिली, असं मागे मागे जायचं, एवढंच ते काम. साठ वर्षं मागे गेलं की बँकेचं समाधान होतं. आमचं घर घेताना तेवढंच झालं, तेही दुसऱ्या कोणी तरी केलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

कलम ४. आता पाचवा एकर.

या घरात आल्यापासून सर्वपित्रीला चारुदत्त खीर, वडे, भोपळ्याची भाजी असं पान वाढून मागच्या झाडीत नेत. तिथे निळ्या फुलांची वेल पसरली आहे आणि तिच्यात सपाट दगड आहेत. त्यातल्या मोठ्या दगडावर पान ठेवायचं, आणि कावळा लगेच यायचा. "इथले कावळे किती शहाणे," असं ते म्हणत. पुढे ते गेले, आणि त्यांच्यासाठीचं पान घेऊन मी पहिल्यांदा एकटी गेले. कावळ्याची वाट पाहत बसले असताना दगडांकडे नीट लक्ष गेलं. ते ओळीत होते. एक मोठा, सहा फुटांवर एक लहान. पुन्हा मोठा, पुन्हा लहान. मोठा उशाशी, लहान पायांशी. आम्ही आमच्या पितरांचं पान इतकी वर्षं दुसऱ्याच कोणाच्या तरी थडग्यावर वाढत होतो.

सोमवारी मी कोर्टात गेले आणि साठ वर्षांपाशी थांबले नाही. ही सगळी जमीन पेंडलहर्स्ट नावाच्या तंबाखूच्या मळेवाल्यांची निघाली. इंग्रज राजानं दिलेली. त्या घराण्यात मरण्यापूर्वी मृत्युपत्र करण्याची फार चांगली सवय होती, त्यामुळे त्यांची पिढी न् पिढी मला सापडली. सतराशे एकाहत्तरमध्ये म्हातारा जोसेफ पेंडलहर्स्ट लिहितो: मुलगी मार्था हिला पितळी घड्याळ, सहा रुप्याचे चमचे, फिलिस नावाची बाई आणि तिची पुढे होणारी सर्व पैदास, कायमची.

आपल्याकडे पैदास म्हशीची म्हणतात. मी ते वाचून पुस्तक मिटलं आणि बाहेर गाडीत जाऊन रडले. मग परत आत गेले, कारण पुढची पानं वाचायची होती.

फिलिस मार्थाकडे गेली, फिलिसची मुलगी मार्थाच्या मुलाकडे. घड्याळासारखी माणसं हातोहात फिरली. मी मळेवाल्यांचा वंश शोधत होते, पण त्यांच्या मागोमाग फिलिसचाही वंश हाती लागत गेला. गुलामगिरी संपली तेव्हा या लोकांनी आडनाव घेतलं टॅली, आणि ते वाचून मी खुर्चीतच ताठ झाले. अर्नेस्टीन टॅली ही कुशची हायस्कूलची केमिस्ट्रीची बाई. कॉलेजसाठी त्याचं शिफारसपत्र तिनंच लिहिलं होतं.

मी तिच्या घरी गेले. सगळं ऐकून ती म्हणाली, "माझी आजी सांगायची, आपली माणसं निळ्या फुलांखाली आहेत. कुठली फुलं, ते तिलाही ठाऊक नव्हतं."

ती माझ्याबरोबर आली तेव्हा दगडावर सर्वपित्रीची खिरीची वाटी अजून होती. "हे काय?" तिनं विचारलं.

"तुमच्या पितरांचं जेवण. बारा वर्षं आम्ही चुकून वाढत आलोय."

अर्नेस्टीन हसली आणि डोळे पुसत म्हणाली, "तरीच त्यांची कधी तक्रार आली नाही."

त्याच सुमारास एका डेटा सेंटरवाल्या कंपनीला आमची जमीन हवी झाली. कुशचा फोन आला. "आई, होल लँड पार्सल पाहिजे त्यांना. एक एकर बाजूला काढलास तर डील कॅन्सल होईल, यार. ग्रेव्हज् ते दुसरीकडे रिस्पेक्टफुली मूव्ह करतात."

"फिलिसला आयुष्यभर लोकांनीच मूव्ह केलं," मी म्हटलं. "आता पुरे."

तो चिडला. महिनाभर आमच्यात हवामानाखेरीज विषय नव्हता. मीही हट्टी, तो माझाच मुलगा. उन्हाळ्यात मात्र सईला घेऊन आला, आणि पोरगी भिंग घेऊन झाडीत पालथी पडली. "आज्जी, वेअर दे बॅड पीपल? द पेंडलहर्स्ट्स?" तिनं विचारलं. मी सांगितलं, लेकीवर माया करणारी, चर्चला जाणारी माणसं होती बाळा. त्यांची मृत्युपत्रं वाच. माणूस काय-काय आपलं समजतो, ते तिथे कळतं.

कुश ऐकत होता. संध्याकाळी त्यानं टेप काढला आणि रस्त्यापासून झाडीपर्यंत जमीन मोजू लागला. मी चार फुटांची पायवाट धरली होती. तो म्हणाला, "आई, मिसेस टॅलींचे गुडघे बघितलेस का? कार जाईल एवढी वाट ठेव. माझ्या चारातून घे." मला त्याचा फार अभिमान वाटला, आणि तो मी इथे लेखी नोंदवते.

कलम ५. माझी रक्षा कुठेही सोडावी, पण त्या झाडीत नको. तिथे आधीच घरची माणसं आहेत. सर्वपित्रीचं पान मात्र तिथेच ठेवावं. चारुदत्तांना पत्ता सवयीचा आहे.

कलम ६. कायद्यानं टॅलींना थडग्यांच्या भेटीला येता येतंच, पण पाहुण्यासारखं, मालकाची वेळ विचारून. ते मला मान्य नाही. म्हणून पाठीमागचा पाचवा एकर, त्यातले दगड, निळी फुलं आणि रस्त्यापर्यंत बारा फूट रुंदीची वाट मी अर्नेस्टीन टॅली व ती नेमेल त्या विश्वस्तांच्या हाती देते. मालकी कोणाची, हे म्हाताऱ्या जोसेफच्याच शब्दांत लिहिते, म्हणजे पुढे दोनशे वर्षांनी कोणी माझ्यासारखी भिंग घेऊन बसली, तर तिला दोन्ही कागद शेजारी ठेवता येतील:

फिलिस नावाच्या बाईला, आणि तिच्या पुढे झालेल्या व होणाऱ्या सर्व लेकरांना, कायमचा.

ठिकाण: टॉलिव्हर काउंटी, व्हर्जिनिया
दिनांक: २१ सप्टेंबर २०२५, सर्वपित्री अमावास्या

सही: विनीता चारुदत्त ताम्हणकर

आमच्यादेखत सही झाली. सही करणारी बाई शुद्धीत होती आणि सही झाल्यावर तिनं आम्हाला जेवायला बसवलं. आम्हा दोघांना यातलं काही मिळायचं नाही, वडे सोडून.

साक्षीदार:
१. प्रीता देवांग मोघे, शेजारीण
२. देवांग मोघे, शेजारी