दिवसातून किती वेळा

अहो,

नमस्कार. मी सुखरूप पोचले. लेकीची खोली लहान आहे, पण हवेशीर आहे. तुम्ही वेळेवर जेवता ना?

कुणी विचारलं, पोरगी औषध देते का, तर सरळ सांगा, नाही देत. कॅन्सर कुणाला होतो, कशाने होतो, ते हजारो माणसांना विचारून शोधते. नोकरीला महिना झाला नाही, तर टेबलावर तिच्या नावाची पाटी!

परवा डोकं धरून बसली होती. "आई, तंबाखू खाता का विचारलं की सगळ्या बायका नाही म्हणतात."

मी म्हटलं, "अगं शहाणे, हो कोण म्हणेल? दिवसातून किती वेळा खाता, असं विचार."

तिच्या ऑफिसातल्या मोठ्या मॅडमना पटलं. आता फॉर्मवर माझा प्रश्न छापलाय.

काल तिने मलाच विचारलं, "आई, दिवसातून किती वेळा?" माझ्या तोंडून "चार" निघून गेलं. कार्टीने मान वर न करता लिहून घेतलं. वीस वर्षं तुमच्यापासून लपवलं, आता ओरडू नका. गालाला आतून पांढरा चट्टा आहे. उद्या ती मला डॉक्टरला दाखवायला नेतेय. घाबरू नका.

तुमचा आकडाही कळवा, आणि खरा कळवा. पोरीपुढे खोटं टिकत नाही.

तुमचीच,
फॉर्मवाल्या बाईची आई