सावित्रीची खोली

निर्मळ, ता. वसई
२० एप्रिल १९५३

चि. विद्याधर यास आजीचे पोटभर आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र सावित्रीनं दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा वाच असं मी काही सांगितलं नव्हतं. गिरगावात दोन खोल्या, आणि पायाखाली सागवानी फळ्यांची जमीन! अरे, आमच्याकडे सागवान डोक्यावर असतं आणि माणसं खाली. तुम्ही मुंबईकरांनी सगळंच उलटं केलंत. सारवणं नाही, मग कालिंदी करते काय दिवसभर? मेण लावून पुसते म्हणे. पुसू दे. फक्त पाहुणा घसरला तर आपल्या गावचा नसावा.

भालचंद्रशेठांना माझा नमस्कार सांग. दर वर्षी आईच्या श्राद्धाला ते इथल्या तळ्यावर येतात आणि आपल्या पडवीत जेवतात, म्हणून तर माझ्या शब्दावर तुला जागा मिळाली. नातू, नातसून आणि शिकायला येणारी नात, एवढीच माणसं, असं मी त्यांना सांगून ठेवलंय. पोरीनं गेल्या साली मॅट्रिक केलं आणि तुझ्या जागेची वाट बघत वर्षभर घरी बसली. मास्तरणीच्या ट्रेनिंगचा अर्ज गेला आहे, त्यावर पत्ता तुझाच घातलाय. आईबापामागं तुम्हा दोघांना वाढवलं, आता एकानं दुसऱ्याला हात द्यावा, इतकंच.

आहे तो लोभ जपून ठेव, मेण लावून.

तुझी आजी

गिरगाव, मुंबई
३ मे १९५३

ती. गं. भा. आजीस विद्याधरचा कृ. सा. न. वि. वि.

आपले पत्र पोचले. येथील सर्व क्षेम. एक गोष्ट तातडीने कळवीत आहे. शेठ बरोबर आमच्या खालीच राहतात. फळ्यांच्या जमिनीवर चार पावले टाकली की त्यांच्या डोक्यावर ढोल वाजतो. दोनापेक्षा अधिक माणूस नको, असे त्यांनी बजावले आहे. मी पुष्कळ रदबदली केली, पण ऐकत नाहीत. तेव्हा सावित्रीचे यंदा नको. पुढल्या वर्षी पाहू. शिक्षण काही पळून जात नाही. तिने मनाला लावून घेऊ नये. शेठ तापट आहेत, त्यांना याविषयी काही लिहू नये.

कालिंदीने कैरीचे लोणचे मागितले आहे. आपल्या लोभाची वृद्धी व्हावी.

आपला आज्ञाधारक,
विद्याधर

निर्मळ
९ मे १९५३

चि. विद्याधर यास अनेक आशीर्वाद.

‘यंदा नको’ हे सावित्रीनं एकदाच वाचलं. पुढचं कसंबसं वाचून ती विहिरीवर पाणी आणायला गेली, कळशी न घेताच.

अरे, ढोलाला औषध आहे. जुन्या लुगड्यांच्या मी जाड गोधड्या शिवायला घेतल्यात, त्या खोलीभर अंथर. सावित्री घरात चालते ते मांजरालासुद्धा कळत नाही. माडीवर थयथयाट करायचास तो तू, तिच्या पायांवर आळ नको. आणि शेठ तापट? आमच्या पडवीत तर ताक वाढताना पुरे म्हणायलाही लाजतो तो माणूस. पण असेल, मुंबईचं पाणी लागत असेल. तुझी जागा जाऊ नये, हे मलाही कळतं. शेठांना लिहीत नाही. तूच पुन्हा एकदा हात जोडून बघ.

लोणचं मुरतंय. लोभ तोवर तसाच राहू दे.

आजी

निर्मळ
२४ मे १९५३

चि. विद्याधर यास आशीर्वाद.

काल भालचंद्रशेठ श्राद्धाला आले. लिहायचं नाही म्हणालास, बोलायचं नाही असं म्हणाला नव्हतास. वाढता वाढता मी हात जोडले. म्हटलं, नात पाऊल हलकं टाकते, रागावू नका. ते घास हातात धरून बघतच राहिले. म्हणाले, आजी, मी कधी नको म्हटलं? मी तर मागच्या इमारतीत राहतो. तुमच्या नातवाच्या खाली छापखाना आहे, त्या खडखडाटात वर हत्ती नाचला तरी कळायचं नाही. उलट नात कधी येणार, म्हणून तेच विचारायला लागले. दुसऱ्या खोलीत तू वेताच्या चार खुर्च्या मांडल्यास म्हणे. ऑफिसातले साहेब कधीमधी चहाला येतात, एरवी दाराला कडी.

खुर्च्यांना खोली आणि बहिणीला पुढलं वर्ष! कालिंदीवर ढकलू नकोस, अक्षर तुझं आहे. लहानपणी गरे चोरून खोटं बोलायचास, तेव्हा मी हसायची. पण हे खोटं तू तिच्याच तोंडून मला ऐकवलंस. आणि माझा शब्द माझ्याच पडवीत, जेवत्या माणसासमोर पाडलास.

जागा सोडायला सांगू का, असं शेठांनी विचारलं. मी नको म्हटलं. राहा सुखानं.

सावित्री दहा जूनला जाते. शेजारच्या बॅप्टिस्टची क्लेमेंटीन वांद्र्याला सिस्टरांच्या बोर्डिंगात असते, तिनं तिथं हिच्यासाठी खाट मिळवली. परक्यांनी केलं रे. आता मागं घरात मी एकटी. पत्र लिहून द्यायला शेजार आहे, पण घरची लाज मी शेजाऱ्याच्या हातानं कागदावर उतरवायची नाही. तेव्हा हे माझं शेवटचं पत्र समज.

लोणच्याची बरणी पाठवली आहे.

रुक्मिणी, निशाणी अंगठा

ता. क. दादा, आजीनं सांगितलं ते शब्दाला शब्द लिहिलंय. अंगठा उठवण्याआधी ती म्हणाली, लोभ असावा असं लिही. ते मी लिहिलेलं नाही. तिनं विचारलं, लिहिलंस ना? मी हो म्हटलं.

सावित्री