दुसऱ्या घरची फ्लॉपी

॥ श्री ॥
मुलुंड, १० जानेवारी १९८८

ती. दादास सुहासिनीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि आमसुलं पोचली. इकडे सगळे खुशाल. ह्यांच्या ऑफिसातून मोडीत निघालेला कॉम्प्युटर घरी आणलाय, हे कळवलं होतंच. मंडळाच्या रक्तदात्यांची यादी मी त्यावर चढवली. अकराशे चाळीस माणसं, प्रत्येकाचा रक्तगट, पत्ता, शेजारचा फोन. हॉस्पिटलातून विचारणा आली की मिनिटात नावं सांगते.

काळजी एकच. सगळं मशीनच्या पोटातल्या एका डिस्कवर आहे आणि ती हल्ली कुरकुरते. छापून ठेवावं, तर पत्ते सारखे बदलतात. म्हणून दर रविवारी यादी फ्लॉपीवर उतरवते आणि कपाटात कुलपात ठेवते. फ्लॉपी म्हणजे पाकिटात बंद केलेली बशीएवढी काळी चकती. हे म्हणतात, झकास, आता निर्धास्त राहा. मला राहवत नाही. वीस वर्षं तू शाळेचं दफ्तर सांभाळलंस, तुला काय वाटतं?

वहिनीला नमस्कार. माया आहे तशीच ठेव.
तुझी सुहासिनी

देवगड, २३ जानेवारी १९८८

चि. सौ. सुहासिनीस अनेक आशीर्वाद.

गो बाय, ज्या यंत्राचं मी चित्रसुद्धा धड पाहिलेलं नाही, त्याबद्दल मला सल्ला विचारतेस! अकराशे माणसं तू एकटीने चढवलीस, हे शाळेत सांगितलं तर कुणी विश्वास ठेवीना. मला मात्र नवल वाटलं नाही.

मास्तर म्हणून दोन शंका. आमच्या शाळेत रजिस्टर आणि त्याची नक्कल एकाच कपाटात होती. छप्पर गळलं, दोन्ही भिजली. दुसरं, उद्या तुझं मशीनच बसलं तर ती चकती वाचणार कोण? दुसऱ्या कुणाच्या मशीनवर लावून पाहिलीस का?

चंदूरावांना नमस्कार. प्रकृतीला जप, पत्र धाडीत जा.
तुझा दादा, जयवंत

मुलुंड, १४ फेब्रुवारी १९८८

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझी दुसरी शंका वाचून मी सगळ्या फ्लॉप्या घेऊन माझ्या मैत्रिणीच्या, कमळच्या, कॉम्प्युटर क्लासला गेले. तिच्या मशीनने एकही वाचली नाही. घरी आणल्या तर सगळ्या छान चालतात! मेकॅनिक म्हणाला, माझ्या मशीनचं फ्लॉपीवर लिहिणारं टोक सरकलंय. ते वाकडं लिहितं आणि तेवढंच वाकडं वाचतं. म्हणजे इतके रविवार मी फक्त स्वतःलाच कळेल असं लिहीत होते. त्या दिवशी जेवण गेलं नाही.

टोक सरळ करून घेतलं, सगळं नव्याने उतरवलं. आता दर रविवारी दोन फ्लॉप्या. एक घरी, एक कमळकडे, आणि ती तिच्या मशीनवर उघडून पाहिल्याशिवाय मी परत येत नाही. हे हसतात. हसू देत.

आशीर्वाद पाठीशी असू दे.
सुहासिनी

मुलुंड, २० नोव्हेंबर १९८८

ती. जयवंतराव यांस चंदूचा सा. न. वि. वि.

सुहासिनी स्वतः लिहायची नाही, म्हणून मी लिहितो. महिन्यापूर्वी एका रविवारी आम्हाला लग्नाला निघायचं होतं. मी चपला घालून दारात, आणि ही कमळकडे निघालेली. मी चिडून म्हणालो, एक रविवार राहिला तर काय वाट लागणार आहे? ती म्हणाली, "तुम्ही पुढे व्हा. मी येते."

बुधवारी डिस्क बसली, ती बसलीच. गुरुवारी सकाळी शेजारच्या फोनवर निरोप आला. चंपा नावाची बाळंतीण, ओ निगेटिव्ह रक्त हवं, ताबडतोब. घरच्या मशीनचा पडदा काळा. मी डोकं धरून बसलो. ही पदर खोचून कमळकडे गेली. यादीत त्या गटाची पाच नावं. तिघं गावाला, एक तापाने आडवा. पाचवा भांडुप कोळीवाड्यातला महादू. त्याचं नाव शनिवारीच चढवलं होतं. रविवारची फ्लॉपी नसती, तर ते नाव कुठेच नव्हतं.

महादू मासळीच्या पाट्या तशाच टाकून आला. आई आणि मुलगी दोघी सुखरूप आहेत.

काल चंपा बाळाला घेऊन भेटायला आली आणि सुहासिनीच्या पायाशी वाकली. हिने तिला उठवलं, पत्ता विचारला आणि नव्या डिस्कवर दात्यांच्या यादीत तिचं नाव चढवलं. पुढे टीप लिहिली, ‘बाळंतीण. वर्षभर विचारू नये.’ मग चहा ठेवला.

आज रविवार. कमळकडे फ्लॉपी मीच घेऊन निघालोय, वाटेत हे पत्र पेटीत टाकीन. तुमच्या बहिणीबरोबर सोळा वर्षं राहतोय, तरी ती मला आत्ता कुठे कळू लागली आहे. आमच्यावर लोभ राहू द्या.

आपला,
चंदू