दगडाबाईंसकट सायलीचं लग्न

मी, योसेफ शांतवन साळवे, वय एकाहत्तर, धंदा लग्नाचे व्हिडिओ, राहणार शिरूर, जिल्हा पुणे, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाविना हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. प्रकृती ठणठणीत आहे. पण देवाचं बोलावणं पत्रिका छापून येत नाही.

१. राहतं घर पत्नी कृपाबाई हिचं. तिच्या पश्चात दोन्ही मुलांना सारखं.

२. कॅमेरे, दिवे आणि स्कूटर मुलगा जॉन्सन याला. त्याचा हात स्थिर आहे, डोकं तेवढं नाही.

३. संगणक आणि मागची खोली मुलगी ब्लेसी हिला. तिथल्या कामाला गावात मिक्सिंग म्हणतात, जॉन्सन ऐटीत पोस्ट-प्रोडक्शन म्हणतो. म्हणजे शूटिंग संपल्यावरचं सगळं: कापणं, जोडणं, आवाज बसवणं, रंग सुधारणं, नावं टाकणं. पुढाऱ्यांची भाषणं कोणीही कापावीत. पण कोपऱ्यातली म्हातारी नवरीची कोण, हे ज्याला ठाऊक नाही त्याने कात्री धरू नये.

हे लिहायचं कारण असं. न्हावऱ्याचा जयसिंग माझा शाळेपासूनचा मित्र. त्याच्या सायलीच्या लग्नाचं मिक्सिंग जॉन्सनने परस्पर पुण्याला दिलं. तिथल्या पोरांनी 'सारखी मध्ये येते' म्हणून एक म्हातारी काढून टाकली. ती दगडाबाई, जयसिंगला आईमागे वाढवणारी आत्या. पुढच्याच महिन्यात ती वारली. "योसेफ, माझी आत्या कापलीस व्हय रं?" एवढं म्हणून जयसिंगने बोलणं टाकलं.

४. ब्लेसीने मूळ शूटिंगवरून ते लग्न पुन्हा जोडलं आहे. दगडाबाई जिथे जिथे मध्ये आल्या, तिथे तिथे आहेत. अक्षता पडताना तर नवरदेव दिसतच नाही. ती प्रत जयसिंगला. मी दोनदा घेऊन गेलो, त्याने दारातूनच परतवून लावलं. आता मेलेल्या माणसाचं देणं कसं परत करतो, ते बघू.

५. माझ्या मातीचं शूटिंग जॉन्सनने करावं, मिक्सिंग ब्लेसीने. रडकं गाणं लावू नये. जयसिंग आला, तर कितीही मध्ये येवो, कापू नये. नाहीच आला, तर एखाद्या जुन्या लग्नातला हसरा जयसिंग उचलून माझ्या शेजारी उभा करावा. त्याच्याशिवाय मला जायचं नाही.

स्थळ: शिरूर. दिनांक: ३ फेब्रुवारी २०२५.
सही: योसेफ शांतवन साळवे

साक्षीदार: योसेफमामांनी आमच्या डोळ्यांदेखत सही केली, आम्ही त्यांच्या:
१. डॉ. नीलम पंडित, शिरूर
२. विक्रम थोरात, खुटबाव (सायलीचा नवरा. अक्षतांच्या वेळी दिसत नसल्याबद्दल माझी तक्रार नाही. सासऱ्यांना मातीला मी स्वतः घेऊन येईन.)