घर वर्णनाप्रमाणे

मंगळवार, ४ मार्च

बेटावरचे हो म्हणाले! पॅसिफिकच्या ऐन मध्यावर, नकाशावर माशी बसली तर झाकून जाईल एवढं बेट. तिथले एक शाळामास्तर आणि त्यांची बायको मे महिन्यात आमच्या घरी राहायला येणार, आणि आम्ही दोघं त्यांच्या घरी जाणार. घराच्या बदल्यात घर — हॉटेलची भानगडच नाही. युक्ती हिची. ही चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. समोर आहे ते हिला दिसतंच. तिथलं हॉटेल आपल्या आवाक्यातलं नाही, हे माझ्या आधी हिलाच दिसलं.

हिला समुद्राखालचे मासे बघायचेत. चष्मा काढला की हिला स्वतःची पावलंसुद्धा पुसट दिसतात, म्हणून पोहण्याचा एक चष्मा आपल्या नंबरच्या काचा बसवून हिने कधीचाच करून ठेवलाय. नंबर वाढला की काचाही बदलते. पाणी मात्र त्याला अजून लागलेलं नाही. आज तो खणातून काढला, मऊ फडक्याने पुसला आणि डोळ्यांना लावून स्वयंपाकघरभर फिरली. बेडकासारखी दिसत होती. बोललो नाही. संसार असाच टिकतो.

गुरुवार, ६ मार्च

घरांची अदलाबदल जुळवून देणाऱ्या मंडळाकडे मी पाठवलेलं आमच्या घराचं वर्णन हिने आज वाचलं. पाठवण्याआधी दाखवायला हवं होतं म्हणे.

माझी बाजू इथे तरी मांडून ठेवतो. मी वार्ताहर. जन्म नगरपालिकेच्या बातम्या देण्यात गेला. आमच्या संपादकांना विशेषणांचं वावडं आहे. ‘भीषण आग’ लिहून द्यावं, छापून येते नुसती ‘आग’. संस्कृत घेऊन पदवीधर झालेल्या माणसाची ही केवढी उपासमार! घरबदल मंडळाने ‘आपल्या घराचं वर्णन करा’ म्हटलं आणि माझा बांध फुटला. भाषा परकी होती, पण अलंकार आपलेच.

‘लतामंडित सज्जा’ — सज्ज्यात एक मोडकी सायकल आणि कोरफडीची कुंडी आहे. ‘ग्रंथशाला’ — म्हणजे रद्दीची खोली. ‘पहाटे पक्ष्यांच्या कूजनाने जाग येते’ — जाग येते ती खालच्या गॅरेजातल्या हवा भरायच्या यंत्राने. ‘नीलवर्ण द्वार, सदैव स्वागतोत्सुक’ — दाराचा मूळ रंग कोणता होता यावर आमचं एकमत नाही, आणि ते उघडायला कंबरेचा धक्का लागतो.

सगळं वाचून झाल्यावर हिने चष्मा काढून पुसला. “अहो, हे घर कुणाचं?”

रागावली की ही मला अहो-जाहो करते.

शुक्रवार, ७ मार्च

अतिशयोक्ती हा दोष नसून अलंकार आहे, हे समजावून पाहिलं. उलट तिनेच कराराचा नियम वाचून दाखवला. घर वर्णनाप्रमाणे नसेल तर पाहुणे पहिल्याच दिवशी करार मोडू शकतात; मग दोन्हीकडच्यांनी आपापल्या घरी परतायचं. म्हणजे मास्तरांनी इथे नाक मुरडलं की हिने तिथे पाण्यातून बाहेर यायचं!

वर्णन दुरुस्त करून पाठवतो म्हटलं. त्यावर ही म्हणाली, ते वाचूनच तर त्यांनी होकार दिलाय. सायकल आणि कोरफड बघायला समुद्र ओलांडून कोण येईल? मग तिने करार मिटून ठेवला.

“वर्णन राहू दे. आता घर बदल.”

रविवार, ९ मार्च

रद्दी गेली. जाता जाता माझ्या काही जुन्या बातम्या वाचत बसलो होतो. हिने गठ्ठा माझ्या हातातून काढून घेतला. हिचा धाकटा भाऊ सुतारकाम करतो, त्याने भिंतभर फळ्या ठोकून दिल्या. खोक्यात कोंडलेले माझे सगळे ग्रंथ बाहेर आले. काही कसरीने माझ्याआधी वाचून संपवलेत. खोलीत खुर्ची ठेवली, दिवा लावला. संध्याकाळभर तिथेच बसून होतो.

निघताना मेहुणा म्हणाला, “भावोजी, पुढच्या वेळी लिहाल तेव्हा वरचा मजला तेवढा घालू नका.”

शनिवार, १५ मार्च

गॅरेजवाल्याशी बोलणी. आमचे पाहुणे असतील तोवर उन्हं वर येईपर्यंत यंत्र बंद ठेवा, अशी विनंती केली. बराच वेळ हात पुसत राहिला. मग हळूच म्हणाला, तुम्ही घराला एवढी विशेषणं लावलीत म्हणे, माझ्या पाटीला दोन तरी द्या. (मेहुण्याच्या पोटात काही राहत नाही.)

दिली. ‘तत्पर व विश्वसनीय’. त्याने दोनदा म्हणून बघितलं. आमच्या संपादकांच्या हाती पाटी लागली तर खाली नुसतं ‘गॅरेज’ उरेल.

मंगळवार, २५ मार्च

रोपवाटिकेत गेलो. मेपर्यंत फुलेल अशी वेल हवी म्हटलं. तिथल्या माळ्याने विचारलं, कुठल्या वर्षीच्या? शेवटी वाढलेल्याच वेली आणल्या, काठ्यांचे टेकू देऊन सज्ज्यात उभ्या केल्या. नुकत्याच पायावर उभ्या राहिलेल्या पोरांसारख्या दिसतात. वाऱ्यावर एक पडलीसुद्धा. पुन्हा उभी केली.

बुधवार, २ एप्रिल

नळवाला येऊन न्हाणीघरातला नळ दुरुस्त करून गेला. वर्षानुवर्षं थेंब थेंब गळत होता. ही इतकी खूश की जेवताना मला ‘अरे’ म्हणाली.

शुक्रवार, ४ एप्रिल

घोटाळा!

मास्तरांच्या बायकोचा निरोप: आमच्याकडे रात्रंदिवस समुद्राची गर्जना चालू असते. तुमच्या स्नानगृहातला तो ‘जलाचा मंद नाद’ ऐकायची फार ओढ लागली आहे.

सगळ्या वर्णनात अक्षरशः खरं असं तेवढं एकच वाक्य होतं. आणि परवा आम्ही नेमकं तेच खोटं पाडलं!

शनिवार, ५ एप्रिल

नळवाल्याला पुन्हा बोलावलं. नळ पूर्वीसारखा गळता करून द्या म्हटल्यावर तो आधी माझ्याकडे बघत राहिला, मग हिच्याकडे. हिने मान हलवली. शहाण्या माणसाचा दुजोरा मिळाल्यावर त्याने पिशवी उघडली.

“थोडा की जास्त?”

“मंद,” मी म्हटलं.

रविवार, १३ एप्रिल

ही मास्तरांच्या घराचं वर्णन रोज वाचते. आज मोठ्याने वाचून दाखवलं: पांढरंशुभ्र फाटक, शंखांनी मढवलेली वाट, अंगणात नारळीची सावली, आणि मागच्या पायरीवरून थेट पाण्यात. “बघ. आहे ते सरळ लिहिलंय. याला म्हणतात वर्णन.”

मी खाली मान घालून दाराचं बिजागर घासत होतो.

सोमवार, २१ एप्रिल

गॅरेजवाला पायऱ्या चढून तक्रार करायला आला. पाटी वाचून लोक विचारतात, तत्पर म्हणजे कधी? आता गाड्या खरंच सांगितल्या वेळी द्याव्या लागतात! त्रासलेला वाटला नाही. नवा सदरा होता अंगात.

गुरुवार, १ मे

दार अजून अडतंय. वेलींना कळ्या नाहीत. सज्ज्यात पाखरांसाठी दाणे ठेवलेत ते कबुतरं संपवतात, आणि त्यांच्या घुमण्याला कूजन म्हणणं मलाही जड जातं. आज सगळ्याचाच कंटाळा आला. मास्तरांना सरळ कळवून टाकतो म्हटलं — येऊ नका, मी कवी आहे.

ही पोहण्याचा चष्मा घेऊन बसली होती. मला वाटलं, आता ‘अहो’ येणार.

“दुकानात लोक शेवटची ओळ अंदाजाने वाचतात,” ती म्हणाली. “कोण खरं वाचतंय आणि कोण ठोकून देतंय, मला लगेच कळतं. पण ते खोटं बोलत नसतात रे. त्यांना ती ओळ दिसावीशी वाटत असते.”

मग चष्मा फडक्यात गुंडाळला आणि म्हणाली, दार मात्र तासून घे.

मंगळवार, ६ मे

मेहुण्याने दार तासलं. बोटाच्या टोकाने उघडतं! एवढी वर्षं कंबर उगाच झिजवली. सवयीने आजही धक्का मारला आणि थेट बैठकीत जाऊन पडलो. ही हसत होती. गॅरेजवाला खालून विचारत होता, कोण आलं?

शुक्रवार, ९ मे

एक कळी फुटली. एकच. जांभळी.

शनिवार, १० मे

निघालो. दाराला निळा रंग आज सकाळी लावला, कारण आधी सुचलंच नाही. वाळला नव्हता. कुलूप लावताना बाहीला डाग पडला. किल्ली गॅरेजवाल्याकडे दिली. पाहुणे आले की त्यांना म्हणा — दार ढकलू नका, नुसतं बोट लावा, उघडेल, असं त्याला सांगितलं. त्याने ते जसंच्या तसं लक्षात ठेवलेलं दिसलं. आता काळजी फक्त ओल्या रंगाची.

रविवार, ११ मे

विमान. खाली नुसतं पाणी. ही खिडकीला नाक लावून. कुणी विचारलं नसतानाही मी बाही मुडपून बसलोय.

सोमवार, १२ मे

दुपारच्या बोटीने पोहोचलो. मास्तर आणि त्यांची बायको सकाळच्याच बोटीने निघालेत. फाटक ढकललं आणि तळहात पांढरा झाला. रंग ओला!

नारळीला बांबूचा टेकू. बुंध्याशी माती ताजी. सावली पडते, पण तिच्यात एका वेळी एकाच माणसाने बसावं. वाटेवर शंख आहेत. एकावर दुकानाची चिठ्ठी काढायची राहिली आहे. मागची शेवटची पायरी कोऱ्या फळीची, तिच्याखाली समुद्र — तो मात्र लिहिला होता त्याहून निळा.

ही सगळीकडे फिरली. सगळं हिला दिसलं. शंखावरची चिठ्ठी नखाने हळूच काढली, शंख होता तिथे ठेवला.

“कळव मंडळाला,” म्हणाली. “तंतोतंत वर्णनाप्रमाणे.” आणि पोहण्याचा चष्मा लावून पायरीवरून पाण्यात गेली.